आधी कंदील

रात्रीचे साडेनऊ. डब्लिनला संध्याकाळचे पाच.
विश्रामबागेत आमच्या मागच्या खोलीत
पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये जाते,
आणि माझ्या पाठीमागची भिंत
कंपनीच्या सोयीनं धूसर केलेली.
ही माझी दोनशे अकरावी मुलाखत. घेतलेली. दिलेल्या तीनच.

समोर श्रेणिक मगदूम, वय तेवीस,
इस्त्री कॉलरपासून दुसऱ्या बटणापर्यंत.
त्याची भिंत धूसर नव्हती.
लॅपटॉप जुना असेल, किंवा सुचलं नसेल.
कपाट, कपाटावर गाद्यांची घडी,
आणि हळदीच्या अडत दुकानाचं कॅलेंडर,
पिवळ्या चौकटीचं, तारखांखाली तिथी,
तेच, जे त्या क्षणी माझ्या डोक्यामागं लटकत होतं
आणि कुणालाच दिसत नव्हतं.

विचारलं, स्टॅक म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग.
त्याचं इंग्रजी उभं राहिलं, ठेचकाळलं, परत उभं राहिलं.
सर, म्हणाला. सॉरी, मॅडम.
आमच्या गावात जमिनीखाली खड्डे असायचे, हळद ठेवायला.
तोंड अरुंद, पोट मोठं.
शेवटी ओतलेलं आधी वर येतं.
त्या खड्ड्याला शब्द शोधत तो थांबला.
पेव.
माझ्या जिभेच्या टोकावर होता.
मी म्हटलं, ओके, गो ऑन.

आणि रिकामा असेल तर?
हे मी सगळ्यांनाच विचारते. निम्मे इथं पडतात.
तो हसला, पहिल्यांदाच.
रिकामा जास्त वाईट, मॅडम. आत हवा मरते.
आजोबा आधी कंदील सोडायचे दोरीनं.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
मग त्यानं कोड लिहिला, नऊ ओळी,
त्यातली पहिली कंदिलाची.

दुसऱ्या प्रश्नात मात्र अडकला.
चार मिनिटं नुसता कर्सर लुकलुकत होता.
मग स्वतःशीच, माइक चालू आहे हे विसरून,
थांब, उलटं झालं की रं हे.
उलटंच झालं होतं. एक चिन्ह फिरवायचं, बस.
बर्लिनच्या मुलाला जेवढा इशारा, तेवढाच ह्याला,
असा नियम आहे, आणि नियम चांगलाच आहे,
तो मीच दोन वर्षं नव्या लोकांना शिकवते.
टेक युवर टाइम, मी म्हटलं,
ज्या आवाजात म्हणते त्याच आवाजात.

अकरा वाजता फॉर्म भरला.
विचार करण्याची पद्धत: उत्तम.
कोड: चांगला.
संवाद: इथं थांबले. उठून पंखा लावला. पाणी प्याले.
लिहिलं, मध्यम, थोडं ढकलावं लागतं.
खाली शिफारस, होय.

गुरुवारी समितीचा निकाल आला.
पाच जणांत माझंच वाक्य त्यांनी उचललेलं,
थोडं ढकलावं लागतं, अवतरणचिन्हात,
होय मात्र कुणी उचललं नव्हतं.
त्याला गेलेलं पत्र मला पाठ आहे, सगळ्यांना तेच जातं.
आपल्या वेळेबद्दल आभार.
या टप्प्यावर आम्ही पुढे जात नाही आहोत.

रविवारी हरिपूरला मावशीकडं निघाले होते.
रस्त्यावर चिंचेखाली ट्रॅक्टर आडवा,
एका वेळी एकच गाडी निघेल एवढी जागा.
समोरून तो. पेट्रोलच्या टाकीवर भडंगाची पिशवी.
मी ओळखलं.
माझ्या तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल,
घरी नव्हते तरी धूसरच.
त्यानं गाडी कडेला घेतली, पाय टेकवला.
ताई, तुम्ही व्हा पुढं.

स्कूटर नेमकी तेव्हाच बंद पडली.
बटण दाबलं, परत दाबलं.
तो उतरला, म्हणाला, किक मारून देऊ का,
आणि मी मान हलवली, बोलले नाही,
आवाज ओळखेल म्हणून.